संधिवाताची मार्गदर्शक तत्त्वे रोजच्या ओपीडीत : खानदेशात नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांसाठी

शिरपूर, चोपडा, शहादा किंवा पाचोरा अशा तालुक्याच्या गावी नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांच्या ओपीडीत सांधेदुखीचे रुग्ण रोजच असतात. त्यांतील बहुतेकांना गुडघ्याची झीज, कंबरदुखी किंवा शेतीकामाच्या श्रमाचे दुखणे असते. परंतु त्याच रांगेत अधूनमधून ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटल्याने होणाऱ्या आजाराचा, रुग्णही बसलेला असतो, आणि त्याला वेळेत वेगळे काढले नाही तर काही वर्षांत त्याच्या हाताची बोटे कायमची वाकडी होऊ शकतात. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण पाहणीत या आजाराचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले, तर दिल्लीजवळच्या खेड्यांतील १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते पाऊण टक्का होते. हा हिशेब धरला, तर दोन लाख प्रौढ वस्तीच्या तालुक्यात असे हजार ते दीड हजार रुग्ण असणार. संधिवाततज्ज्ञ मोजके आणि तेही बहुधा मोठ्या शहरांत, त्यामुळे या रुग्णांच्या उपचाराचा मोठा भाग तालुक्याच्या डॉक्टरलाच सांभाळावा लागतो.

मार्गदर्शक तत्त्वे आज कोणाच्याही मोबाईलवर आहेत. ती वाचूनही रुग्णाच्या कागदावर फारसा फरक पडत नाही, याचे कारण असे की आपण त्यांत औषधाचे नाव शोधतो आणि तारखा सोडून देतो. ग्लासगो येथे झालेला आणि २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला ‘टिकोरा’ हा अभ्यास नव्या डॉक्टरांनी आवर्जून समजून घ्यावा. त्यात ११० रुग्णांचे दोन गट केले होते आणि दोन्ही गटांना जुनी, परिचित औषधेच दिली होती. एका गटाची नेहमीच्या पद्धतीने तपासणी झाली. दुसऱ्या गटाला दर महिन्याला बोलावून सांधे मोजले गेले आणि आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर आधीच लिहून ठेवलेल्या क्रमाने औषध वाढवले गेले. १८ महिन्यांनी पहिल्या गटातील १६ टक्के, तर दुसऱ्या गटातील ६५ टक्के रुग्णांचा आजार शांत झालेला होता. महागडी इंजेक्शने दोन्हीकडे नव्हती. पुढे दिलेल्या सर्व पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत : प्रत्येक भेटीत मोजणे, आणि निर्णयाची तारीख आधी लिहून ठेवणे.

पहिली पायरी : कोणते मार्गदर्शन घ्यावे आणि ते कसे वाचावे

ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीचे २०२१ चे मार्गदर्शन, ‘यूलार’ या युरोपीय संघटनेच्या २०२२ च्या शिफारशी आणि ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेचे २०१८ चे मार्गदर्शन हे तीन दस्तऐवज पुरेसे आहेत. भारतीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये औषधोपचाराविषयी सहमतीचे निवेदन काढले होते. ते जुने असले तरी आपल्याकडील क्षयरोग, खर्च आणि तपासण्यांची उपलब्धता ध्यानात घेऊन लिहिलेले असल्याने पार्श्वभूमी म्हणून वाचावे.

वाचताना प्रत्येक शिफारशीपुढे ती ठाम आहे की सशर्त, हे पाहण्याची सवय लावावी. अमेरिकन मार्गदर्शनातील ४४ शिफारशींपैकी फक्त ७ ठाम आहेत आणि उरलेल्या ३७ सशर्त आहेत. ठाम शिफारशीपासून दूर जायचे असेल तर कागदावर कारण लिहावे लागते. सशर्त शिफारशीत रुग्णाची परिस्थिती पाहून निर्णय घेणे हेच त्या मार्गदर्शनाचे पालन असते. नवे डॉक्टर बहुधा याच्या उलट वागतात : सशर्त गोष्ट वेदवाक्य मानतात आणि ठाम गोष्ट सोयीने टाळतात.

दोन मार्गदर्शनांत मतभेद असले तर गोंधळून जाऊ नये. स्टिरॉइडचेच उदाहरण घ्यावे. आजार रोखणाऱ्या मूळ औषधाचा परिणाम दिसेपर्यंत थोडे दिवस स्टिरॉइड देण्याचा विचार करावा आणि ते शक्य तितक्या लवकर बंद करावे, असे यूलार म्हणते. अमेरिकन मार्गदर्शन मात्र सशर्त शिफारस करून ते शक्यतो टाळण्याकडे झुकते. दोघांचाही आग्रह स्टिरॉइड रेंगाळू नये असाच आहे. रोजंदारीवर कापूस वेचणाऱ्या बाईची आठ आठवड्यांची मजुरी बुडणार असेल, तर थोड्या काळासाठी लहान मात्रा देणे योग्य ठरते. मात्र बंद करण्याची तारीख पहिल्याच दिवशी लिहिलेली हवी.

दुसरी पायरी : सगळे एका पानावर आणावे

शंभर पानांचे मार्गदर्शन ओपीडीत कोणी उघडत नाही. त्यातील आपल्याला रोज लागणारा भाग एका पानावर, मराठीत, सिस्टर आणि औषधनिर्मात्यालाही समजेल असा लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवावा. त्या पानावर संशय कोणावर घ्यावा, औषध सुरू करण्यापूर्वी कोणत्या तपासण्या कराव्यात, मात्रा कशी वाढवावी, कोणत्या आकड्याला थांबावे आणि कधी पुढे पाठवावे, एवढेच असावे. शेवटी तारीख आणि हे पान कोणत्या मार्गदर्शनांवरून केले त्याची नोंद असावी. पान स्वतः तयार करावे. दुसऱ्या रुग्णालयाचे छापील पान आणून लावले तर आपल्याकडे न होणाऱ्या तपासण्या त्यात राहून जातात, आणि मग सगळे पानच दुर्लक्षित होते.

तिसरी पायरी : चाळणी आणि खानदेशातील फसवी दुखणी

सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ हाताच्या किंवा पायाच्या लहान सांध्यांना सूज, आणि सकाळी अर्धा तास ते तासाहून अधिक आखडलेपण, ही संशयाची खूण आहे. ‘सांधे दुखतात का?’ असे विचारले तर सगळेच होकार देतात, म्हणून कामावरून विचारावे : भाकरी थापता येते का, धुणे पिळता येते का, हंड्याचे झाकण उघडते का, गायीची धार काढता येते का. अहिराणी बोलणाऱ्या आजीबाईंना ‘सकायले मूठ वयस का?’ (सकाळी मूठ वळते का?) असे विचारले तर जे उत्तर मिळते, ते छापील प्रश्नावलीने मिळत नाही. त्यानंतर हाताच्या चारही बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांची ओळ आडवी धरून हलकेच दाबावी. रुग्णाने हात झटकन मागे घेतला तर पुढील तपासणी टाळू नये. नाइसचे मार्गदर्शन तर असे सांगते की हातापायांचे लहान सांधे सुजले असतील, एकापेक्षा जास्त सांधे धरले असतील, किंवा त्रास सुरू होऊन तीन महिने उलटले असतील, तर रक्ततपासणी निर्दोष आली तरी तातडीने तज्ज्ञांकडे पाठवावे.

प्रयोगशाळेच्या अहवालावर फार विसंबू नये. ‘संधिवात प्रोफाइल’ या नावाखाली आरए फॅक्टर (या आजारात बहुधा आढळणारे रक्तातील प्रतिपिंड), एएसओ (घशाच्या जंतुसंसर्गाची खूण) आणि युरिक ॲसिड एकत्र करून देण्याची पद्धत जळगावपासून नंदुरबारपर्यंत सर्वत्र आहे, आणि तिच्यामुळे निदानापेक्षा चुकीची लेबलेच जास्त लागतात. आरए फॅक्टर वय वाढले की किंवा इतर आजारांतही वाढलेला येतो, आणि खऱ्या रुग्णांपैकी काहींत तो येतच नाही. अँटी-सीसीपी ही तपासणी अधिक नेमकी आहे. परवडत असेल तर एकदाच करावी, दर भेटीला पुन्हा करण्याचे काही कारण नाही.

निदान पक्के करण्यापूर्वी आपल्या भागातील चार फसव्या गोष्टी वगळाव्यात. चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी हुबेहूब ऱ्हुमॅटॉइड संधिवातासारखी दिसते. २००६ च्या मोठ्या साथीनंतर महाराष्ट्रातील डॉक्टरांनी हे पुरेपूर पाहिले आहे. ताप कधी आला, घरातल्या आणि गल्लीतल्या आणखी कोणाला आला होता का, हे विचारावे आणि आजार मोसमी वाटत असेल तर काही आठवडे साध्या औषधांवर थांबून पुन्हा सांधे मोजावेत. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, यावल आणि चोपडा तालुक्यांतील भिल्ल व पावरा समाजात, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. तरुण रुग्णाला हाडे-सांधे वारंवार दुखण्याचे झटके येत असतील किंवा खुबा दुखत असेल, तर सॉल्युबिलिटी चाचणी आणि पुढे इलेक्ट्रोफोरेसिस झाल्याशिवाय त्याला संधिवाताची औषधे सुरू करू नयेत. कुष्ठरोगाच्या प्रतिक्रियेतही हात सुजतात, म्हणून अंगावरचे बधिर चट्टे आणि कोपराजवळची जाड झालेली नस पाहावी. आणि ताप असून एकच सांधा लाल, गरम, टम्म फुगलेला असेल, तर तो पू झालेला सांधा समजून त्याच दिवशी पाणी काढण्यासाठी पाठवावे; तिथे मार्गदर्शक तत्त्वांचे पान काढत बसण्याची वेळ नसते.

चौथी पायरी : सांधे मोजणे

इथे थोडे थांबावे लागेल, कारण सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी हीच आहे. मोजणी २८ सांध्यांची असते : दोन खांदे, दोन कोपरे, दोन मनगटे, दोन गुडघे, दोन्ही हातांतील बोटांच्या मुळाचे दहा आणि बोटांच्या मधले दहा सांधे. प्रत्येक सांधा दाबल्यावर दुखतो का आणि सुजलेला आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दाब किती द्यावा याचे सोपे माप असे : आपल्या अंगठ्याच्या नखाचा रंग फिकट पडेल इतका. त्याहून कमी दाबाने काही कळत नाही आणि त्याहून जास्त दाबाने निरोगी सांधाही दुखतो. सूज पाहताना रुग्णाचे बोट दोन्ही बाजूंनी धरून सांध्यावर मऊ, रबरासारखे काही जाणवते का, हे पाहावे. वयस्कर शेतमजुरांच्या बोटांतील शेवटच्या पेरांवर हाडाच्या टणक गाठी असतात, त्या झिजेच्या असतात आणि या मोजणीत धरायच्या नसतात.

मोजणीच्या पद्धती अनेक आहेत. खानदेशातील तालुक्यासाठी सीडीएआय हा निर्देशांक सोयीचा आहे, कारण त्याला रक्ततपासणी लागत नाही. दुखणाऱ्या सांध्यांची संख्या, सुजलेल्या सांध्यांची संख्या, रुग्णाने आपल्या आजाराला शून्य ते दहांत दिलेला आकडा आणि डॉक्टरने दिलेला तसाच आकडा, या चारांची बेरीज म्हणजे सीडीएआय. बेरीज २.८ किंवा त्याहून कमी असेल तर आजार शांत, १० पर्यंत कमी, २२ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र समजावा. डीएएस-२८ ही दुसरी प्रचलित पद्धत ईएसआर ही सूज दाखवणारी रक्ततपासणी वापरते, आणि तिथे आपल्याकडे दोन्ही बाजूंनी अडचण येते : रक्तक्षय असलेल्या बाईचा ईएसआर आजार नसतानाही वाढलेला असतो, तर सिकलसेलच्या रुग्णात तो खरी सूज असूनही कमी येतो. केवळ ईएसआर पाहून औषध वाढवणे वा कमी करणे हे या भागात धोक्याचे आहे.

रुग्णाने स्वतःला आकडा द्यायचा असतो, तिथे लिहिता-वाचता न येणाऱ्या रुग्णांसाठी छापील पट्टीचा उपयोग होत नाही. ‘दहा रुपयांपैकी आज किती रुपयांचे दुखणे आहे?’ असे विचारले की आजोबा-आजी नेमके उत्तर देतात. प्रश्न प्रत्येक भेटीत त्याच शब्दांत विचारावा. पहिल्या काही रुग्णांना या मोजणीला बराच वेळ लागतो. हात बसल्यावर सगळे पाच मिनिटांच्या आत होते. सांध्यांची नोंद करण्यासाठी दोन हातांचे साधे चित्र असलेला रबरी शिक्का करून घ्यावा आणि केसपेपरवर मारून सुजलेल्या सांध्यांवर फुल्या कराव्यात. पुढच्या भेटीला दुसरा डॉक्टर असला तरी त्याला तुलना करता येते.

पाचवी पायरी : मेथोट्रेक्झेट

सर्व प्रमुख मार्गदर्शनांत पहिले औषध मेथोट्रेक्झेट आहे, आणि त्रास सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते किंवा त्याच्या गटातील, म्हणजे आजार मुळातून रोखणारे, औषध सुरू व्हावे अशी अपेक्षा आहे. हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असून महागही नाही. सुरू करण्यापूर्वी रक्तातील पेशींची मोजणी, यकृताचे एन्झाइम, क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि छातीचा एक्स-रे एवढे करावे. मूत्रपिंड बरेच निकामी असेल, यकृताचा आजार असेल किंवा गर्भधारणा असेल किंवा नजीकच्या काळात हवी असेल, तर हे औषध देऊ नये. तरुण स्त्रीला पाळीची शेवटची तारीख विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहू नये. हा विषय सासूसमोर निघत नाही, म्हणून तपासणीच्या निमित्ताने सिस्टरसोबत आत घेऊन एकटीशी बोलावे. औषध चालू असताना दिवस राहू देऊ नयेत आणि मूल हवे असेल तर काही महिने आधी सांगावे, म्हणजे औषध बदलता येईल, हे तिला स्पष्ट सांगावे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलॅझिन ही याच आजाराची दुसरी औषधे गरोदरपणात चालतात.

दारूविषयीही असेच सरळ विचारावे. सातपुड्यात मोहाची दारू सणासुदीला आणि लग्नसराईत घरोघर असते. रागावून विचारले की ‘नाही साहेब’ असे उत्तर मिळते आणि सहा महिन्यांनी यकृताचे आकडे खरे काय ते सांगतात.

मात्रा साधारणपणे आठवड्याला १० ते १५ मिलिग्रॅमपासून सुरू करून, सहन होईल तशी दर दोन ते चार आठवड्यांनी वाढवत २० ते २५ पर्यंत न्यावी. ७.५ मिलिग्रॅमवर वर्षभर रेंगाळलेले रुग्ण आपल्याकडे फार दिसतात; त्यांच्याबाबत ‘मेथोट्रेक्झेट लागू पडले नाही’ असे लिहिणे चूक आहे, कारण ते पुरेसे दिलेलेच नसते. सोबत आठवड्याला किमान ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड द्यावे, पण मेथोट्रेक्झेटच्या दिवशी नव्हे.

सर्वांत मोठा धोका गोळी रोज घेतली जाण्याचा आहे. तोंड येते, रक्तातील पेशी कोसळतात आणि रुग्ण दगावूही शकतो. अशा वेळी तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवून फॉलिनिक ॲसिड (फॉलिक ॲसिडहून वेगळे, उतारा म्हणून दिले जाणारे औषध) सुरू करावे लागते. मेथोट्रेक्झेट आणि फॉलिक ॲसिड या दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळसर असल्याने अदलाबदल सहज होते. म्हणून चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ एवढे लिहून थांबू नये, वार लिहावा, आणि तो वार शक्यतो गावाच्या आठवडे बाजाराचा असावा. वारांचा घोळ करणारी व्यक्तीही बाजाराचा दिवस विसरत नाही. एकाच ताकदीच्या गोळ्या लिहाव्यात, २.५ आणि १० मिलिग्रॅमच्या पट्ट्या एका घरात असू नयेत. गोळी देताना औषधनिर्मात्याने रुग्णाकडून ‘कोणत्या वारी, किती’ हे परत वदवून घ्यावे. लघवीच्या किंवा अन्य संसर्गासाठी दुसऱ्या दवाखान्यात को-ट्रायमॉक्साझोलची गोळी दिली जाऊ नये, हे रुग्णाच्या कार्डावर ठळक लिहावे, कारण या दोघांची जोडी रक्तपेशी घटवते.

रक्ततपासणी पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, त्यानंतर तीन महिने दर आठ ते बारा आठवड्यांनी आणि पुढे दर बारा आठवड्यांनी करावी. नमुना पुढच्या गोळीच्या एक-दोन दिवस आधी घ्यावा. गोळी घेतल्यावर लगेच घेतला तर यकृताचे एन्झाइम तात्पुरते वाढलेले दिसतात आणि उगाच औषध बंद होते.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबाबत एकच गोष्ट सांगायची आहे. त्याची कमाल मात्रा दिवसाला प्रत्यक्ष वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम आहे. सवयीने लिहिली जाणारी ४०० मिलिग्रॅमची मात्रा ८० किलो वजनाला शोभते; आपल्या ओपीडीतील बाईचे वजन अनेकदा ४२ किलो असते. वजनकाट्यावर उभे केल्याशिवाय हे औषध लिहू नये, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पहिल्या वर्षात एकदा व पाच वर्षांनंतर दरवर्षी करून घ्यावी.

सहावी पायरी : स्टिरॉइडची पुडी

बरेच रुग्ण आपल्याकडे येण्यापूर्वी कुठल्यातरी पुडीवर किंवा बिननावाच्या गोळ्यांवर असतात. चेहरा गोल झालेला, कातडी पातळ, साखर वाढलेली आणि ‘त्या औषधाने दोन दिवसांत चालायला लागलो’ अशी कथा असेल, तर त्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता मोठी असते. पुडी घेऊन यायला सांगावे, रागावू नये आणि मुख्य म्हणजे ती एकदम बंद करू नये. अचानक बंद केल्याने रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. तिच्या जागी मोजून मापून प्रेडनिसोलोन द्यावे, आणि मेथोट्रेक्झेट चढत असताना ते उतरवत न्यावे. आपण स्वतः सुरू केलेले स्टिरॉइड मात्र लहान मात्रेत असावे आणि तीन महिन्यांच्या आत बंद व्हावे. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि साखरेची तपासणी विसरू नये. प्रत्येक भेटीला डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन देण्याची प्रथाही मूत्रपिंडाच्या जिवावर उठते, आणि रुग्णाला तेच खरे औषध वाटू लागते.

सातवी पायरी : निर्णयाची तारीख

एक नमुन्याचा कागद पाहू. यावल तालुक्यातील केळीच्या बागेत काम करणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या मावशी आल्या आहेत. दुखणारे सांधे ९, सुजलेले ६, त्यांनी स्वतः दिलेला आकडा ६, डॉक्टरांचा ५. बेरीज २६, म्हणजे आजार तीव्र. मेथोट्रेक्झेट १५ मिलिग्रॅमपर्यंत नेले. तीन महिन्यांनी त्या हसत येतात आणि म्हणतात, ‘आता पुष्कळ बरं आहे, डॉक्टरसाहेब, आहे तेच औषध राहू द्या.’ मोजणी केली : ४ अधिक २ अधिक ३ अधिक २, म्हणजे ११. आजार अर्ध्याहून अधिक उतरला आहे, तरी तो अजून मध्यम आहे आणि दोन सांधे सुजलेले आहेत. इथे समाधानाने तीच चिठ्ठी पुढे चालू ठेवणे हीच ती जागा, जिथे मार्गदर्शक तत्त्वे रोजच्या व्यवहारातून निसटतात. सुजलेला सांधा दुखत नसला तरी आतून झिजत असतो, हे मावशींना त्यांच्याच हातावरच्या फुल्या दाखवून सांगावे आणि मात्रा २० करावी.

यूलारचे वेळापत्रक लक्षात ठेवायला सोपे आहे : आजार सक्रिय असताना दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी, तीन महिन्यांत स्पष्ट सुधारणा नसेल किंवा सहा महिन्यांत लक्ष्य (आजार शांत किंवा निदान कमी) गाठले नसेल तर उपचारात बदल. हे दोन्ही दिनांक पहिल्याच भेटीत केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात आणि रुग्णाच्या कार्डावर लिहावेत.

मात्र या तारखा गावाच्या पंचांगाशी जुळवून घ्याव्या लागतात. कापूस वेचणीच्या दिवसांत, साधारण दिवाळीच्या आगेमागे, ओपीडी ओस पडते. नंदुरबार आणि साक्री भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बारडोलीकडे गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यातच परततात. अशा रुग्णाला ‘दर महिन्याला या’ असे सांगणे म्हणजे तो उपचार सोडेल अशी तजवीज करणे. निघण्यापूर्वी रक्त तपासून, मात्रा स्थिर करून, तपासणीच्या तारखांसह कार्ड द्यावे, जेणेकरून तिकडच्या डॉक्टरलाही ते वाचता येईल. त्या काळात मात्रा वाढवण्याचा प्रयोग करू नये. ताप आला, तोंड आले किंवा धाप लागली तर त्या आठवड्याची गोळी घेऊ नये आणि फोन करावा, हे कुटुंबातील दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवावे. गावात राहिलेल्या रुग्णांच्या बाबतीत आशाताईंकडे तारखांची यादी दिली तर गैरहजेरी कमी होते.

आठवी पायरी : पुढे कधी आणि कसे पाठवावे

मेथोट्रेक्झेट पुरेशा मात्रेत सहा महिने देऊनही लक्ष्य गाठले नाही, आकडा तीव्र गटात अडकून आहे, किंवा लघवीतून प्रथिने, त्वचेवर पुरळ, डोळे लाल होणे, धाप अशी सांध्याबाहेरची लक्षणे आहेत, तर तज्ज्ञांचे मत घ्यावे. रुग्णाला नाशिकला किंवा सुरतेला जाणे जमत नसेल तर ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेवरून सल्ला घेता येतो. पत्रात आजाराची सुरुवात, आजवरचे सीडीएआयचे सर्व आकडे, प्रत्येक औषधाची कमाल मात्रा व कालावधी आणि बंद केल्याचे कारण लिहावे. ‘संधिवाताचा रुग्ण, कृपया पाहावे’ एवढ्याच चिठ्ठीमुळे तज्ज्ञाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते आणि रुग्णाचे भाडे वाया जाते.

जैविक औषधे (प्रतिकारशक्तीतील ठरावीक दुवा अडवणारी महागडी इंजेक्शने) तज्ज्ञ सुरू करतात, परंतु ती सांभाळावी लागतात इथेच. सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि मांटू किंवा इग्रा चाचणी होऊन सुप्त क्षयरोगाचा उपचार सुरू झालेला आहे ना, याची खात्री करावी. खोकला आणि वजन घटणे यांकडे नंतरही लक्ष ठेवावे. अडालिमुमॅबसारखी इंजेक्शने २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आणि वीज जात असताना ती घरच्या फ्रिजमध्ये टिकतील असे गृहीत धरू नये. इंजेक्शन रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये ठेवून ठरलेल्या दिवशी तिथेच द्यावे. बर्फावर थेट ठेवून गोठलेले इंजेक्शनही टाकून द्यावे लागते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते त्या त्या वेळी आरोग्यमित्रांना विचारावे.

गाउट (युरिक ॲसिड साचून होणारा सांध्यांचा आजार) आणि गुडघ्याची झीज यांसाठीही अशीच एकेक ओळ पानावर असावी. गाउटमध्ये ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करून युरिक ॲसिड ६ च्या खाली येईपर्यंत वाढवावे आणि पहिले काही महिने सोबत कोल्चिसिन द्यावे. लक्षणे नसताना केवळ अहवालात वाढलेले युरिक ॲसिड दिसले म्हणून औषध देऊ नये. झिजेसाठी मांडीचे व्यायाम आणि वजन कमी करणे.

नववी पायरी : आपलेच कागद तपासणे

दर महिन्याच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांचे शेवटचे दहा केसपेपर काढावेत आणि चार प्रश्न विचारावेत. आकडा लिहिलेला आहे का? आकडा मर्यादेच्या वर असताना औषध बदलले का, नसेल तर कारण लिहिले का? रक्ततपासणी वेळेत झाली का? मेथोट्रेक्झेटचा वार लिहिला आहे का? उत्तरे भिंतीवर लावायची नसतात. सिस्टर आणि औषधनिर्माता यांच्यासोबत बसून एकच उणीव निवडावी आणि पुढच्या महिन्यात तेवढीच सुधारावी. तपासणी चुकण्याचे कारण पुष्कळदा साधे निघते : रक्त घेण्याची वेळ दुपारी संपते आणि धडगावहून येणारी गाडी त्यानंतर पोहोचते.

पानही वर्षातून एकदा नव्याने पाहावे. टोफासिटिनिब आणि त्याच्या गटातील गोळ्या काही वर्षांपूर्वी जैविक औषधांच्या बरोबरीने सुचवल्या जात होत्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पन्नाशीपुढील, हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांत हृदयविकाराचे आणि कर्करोगाचे प्रमाण अधिक दिसल्यावर यूलारने त्याच वर्षी आपल्या शिफारशीत सावधगिरीचा उल्लेख केला. त्या गोळ्या भारतात स्वस्त झाल्याने तंबाखू खाणाऱ्या, रक्तदाब असलेल्या साठीच्या रुग्णालाही सहज लिहिल्या जातात. असा बदल आला की नवे पान छापून त्यावर तारीख टाकावी, आणि जुने पान ओपीडीतून, वॉर्डातून आणि औषधाच्या खिडकीवरून त्याच दिवशी काढून घ्यावे.